नकार द्या, पण कारण सांगा

भिलाईचा पोलाद कारखाना आपण उधारीवर घेतला होता. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. व्याज अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत, आणि तीही रुपयांत. चार वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1959 ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. अख्खा कारखाना परदेशातून आला आणि रुपयाला कुणी हरकत घेतली नाही.

आज त्याच भिलाईत बसून म्युनिक ते व्हेरोना गाडीचे तिकीट काढून बघा.

निघत नाही.

खात्यात पैसे आहेत. कार्ड आहे. कार्डाची मर्यादा लाखांत आहे. आणि चाळीस-पन्नास युरोच्या तिकिटासाठी पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ उमटते: व्यवहार अयशस्वी. का अयशस्वी? ते लिहिलेले नसते. माझे भांडण त्या न लिहिलेल्या ओळीशी आहे.

हे तिकीट भिलाईत हवे कुणाला, असे विचारणाऱ्याने एकदा इथल्या सेक्टरांतून चक्कर मारावी. नागपूर, वर्धा, अमरावतीहून साठ-सत्तरच्या दशकात लोक इथे नोकरीला आले, इथेच रुजले. मुले इंजिनिअर झाली आणि श्टुटगार्ट, आइंडहोवन, मँचेस्टरला गेली. आता दर उन्हाळ्यात आईबाप दोन-तीन महिने तिकडे जातात. जातात तर चार गावे बघावी असे त्यांना वाटते. आणि युरोपात चार गावे बघायची तर रेल्वेच लागते.

यातल्या कित्येकांनी उमेदीची वर्षे रेल मिलमध्ये काढली आहेत. 130 मीटरचा अखंड रूळ भिलाईत बनतो, दोन जोडून 260 मीटरचे पॅनेल इथून रवाना होते. देशभराच्या गाड्या ज्यांच्या रुळांवरून धावतात, त्यांना गाडीच्या तिकिटासाठी मुलाकडे तोंड वेंगाडायला लागावे?

“बाबा, तुम्ही राहू द्या. मी काढतो.” मुलगा प्रेमानेच म्हणतो. बाप गप्प बसतो. त्याला तिकीट फुकट नको होते, स्वतः काढायचे होते.

विमानाचे तिकीट मात्र याच माणसाने याच कार्डावर काढलेले असते. तिथे अडचण येत नाही, कारण ते भारतीय संकेतस्थळावर आणि रुपयांत घेतलेले असते. बँकेच्या लेखी तो देशातला व्यवहार. रेल्वेचे तिकीट थेट परदेशी रेल्वेकडून, युरोत. बँकेच्या लेखी तो सीमेपलीकडचा व्यवहार. सत्तर हजारांचे विमान सुटते आणि चार हजारांची गाडी चुकते, ती इथे.

आता कुलपे मोजू.

पहिले कुलूप रिझर्व्ह बँकेचे. 15 जानेवारी 2020 च्या परिपत्रकाने ठरले की नवे किंवा बदलून दिलेले कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. जुन्या कार्डावर यातले जे कधीच वापरले नसेल, ते बंद करणे बँकांना बंधनकारक. मार्च 2020 ची मुदत करोनामुळे पुढे गेली आणि 1 ऑक्टोबरपासून हे सगळीकडे लागू झाले.

नियम चांगला आहे. चोरलेल्या कार्डांचे क्रमांक परदेशी संकेतस्थळांवर वापरले जात होते, लोकांचे पैसे जात होते. दार बंद ठेवा, किल्ली ग्राहकाला द्या, हे शहाणपणाचेच.

पण किल्ली कुठे ठेवली ते कोण सांगणार?

ज्याने कार्ड कधीच परदेशात वापरले नाही, त्याचेच दार नियमाने बंद झाले. म्हणजे नेमके पहिल्यांदा परदेशी निघालेल्या निवृत्त माणसाचे. आणि त्याला ते कधी कळते? तिकिटाच्या पानावर, पैसे भरायच्या क्षणी, पडद्यावरचे घड्याळ उलटे धावत असताना.

ॲप उघडा. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये आधी ‘सेवा’, मग ‘कार्ड’, मग ‘कार्ड व्यवस्थापन’. तिथे दोन कप्पे: देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय. आंतरराष्ट्रीय कप्प्याचे बटण सरकवले की ते हिरवे होते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. चुकतो. त्या कप्प्याच्या पोटात आणखी बटणे असतात: एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप. त्यातले ऑनलाइन वेगळे सुरू करायचे. तेही हिरवे झाले. झाले काम?

नाही. खाली मर्यादेची एक पट्टी असते. ती शून्यावर असते.

बटण हिरवे, मर्यादा शून्य. म्हणजे परवानगी आहे, पण शून्य रुपये खर्च करण्याची. ही रचना ज्याने केली त्याने आपल्या आईला ते ॲप एकदा वापरायला द्यावे आणि शेजारी मुकाट बसून बघावे.

दुसरे कुलूप ओटीपीचे. ऑनलाइन व्यवहाराला कार्डाच्या क्रमांकापलीकडे आणखी एक ओळख हवी, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून सक्तीचे केले. जगातल्या कितीतरी देशांच्या आधी. युरोपीय संघाला तसलाच कायदा अमलात आणायला सप्टेंबर 2019 उजाडला, आणि ऑनलाइन खरेदीला तो पुरता लागू व्हायला 2020 चे वर्ष संपले. ब्रिटनला मार्च 2022 लागला. या बाबतीत आपण पुढे होतो, आणि ते मान वर करून सांगायची गोष्ट आहे.

मग घोडे पेंड कुठे खाते?

ओळख पटणे आणि पैसे मंजूर होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे ग्राहकाला कुणी सांगितलेलेच नसते. ओटीपी येतो, माणूस चष्मा सावरून तो बरोबर भरतो, पडद्यावर बरोबरची खूण येते. दोन सेकंदांनी नकार. त्याला वाटते, आपणच काही चुकवले. काही चुकवलेले नसते. पहिल्या पायरीवर बँकेने तो तोच असल्याचे मान्य केले. दुसऱ्या पायरीवर तिचीच दुसरी यंत्रणा म्हणाली, याचा परदेशी कप्पा बंद आहे.

एका हाताला दुसऱ्याचे ठाऊक होते, तर ओटीपी मागण्याआधीच सांगायला काय हरकत होती?

उलट प्रकारही आहे. अमेरिकेतली कितीतरी संकेतस्थळे ओटीपी मागतच नाहीत. क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे, की पैसे गेले. तिथे आपल्या नियमाचा हात पोचत नाही, कारण दुकान परदेशी आणि त्याची बँकही परदेशी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये यावर पाऊल टाकले: परदेशी दुकानाने ओळख पटवण्याची मागणी केली तर भारतीय बँकेला ती पुरी करता आली पाहिजे, अशी यंत्रणा 1 ऑक्टोबर 2026 पर्यंत उभी करायची.

दुकानाने मागणीच केली नाही तर? तर आपली बँक त्या व्यवहाराकडे संशयाने बघते. आणि संशय आला की नाकारते. पुन्हा कारण न देता.

आता मुद्द्याचे बोलू. बँकेला कारण माहीत नसते का?

असते. शंभर टक्के असते. कार्डाचा प्रत्येक नकार दोन आकडी संकेतासह परत जातो. ही पद्धत जगभर एकच आहे. 51 म्हणजे पैसे अपुरे. 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. 57 म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करायची परवानगी नाही. 61 म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. आणि एक 05 आहे. 05 म्हणजे नुसता नकार, पुढे काही नाही. ज्या बँकेला ताकास तूर लागू द्यायची नाही, तिला 05 फार सोयीचा.

हा संकेत बँकेकडून कार्डाच्या जाळ्याकडे जातो, तिथून दुकानाच्या बँकेकडे, तिथून रेल्वेच्या संकेतस्थळाकडे. समुद्र ओलांडून सगळ्यांपर्यंत पोचतो. पोचत नाही तो फक्त कार्डधारकापर्यंत.

57 आला हे कळले तर भिलाईतला माणूस दोन मिनिटांत बटण सरकवील. 61 आला हे कळले तर मर्यादा वाढवील. 54 आला हे कळले तर कपाटातले नवे कार्ड काढील. त्याला बुद्धी आहे, त्याने झोतभट्टी चालवली आहे. त्याच्याकडे फक्त एक आकडा नाही.

बँका म्हणतील, कारण सांगितले तर चोरालाही कळेल. संशयाच्या बाबतीत हे पटते. फसवणुकीची चाचणी नेमकी कशावर अडली ते उघड करू नये. पण ‘तुमच्या कार्डाचा परदेशी वापर बंद आहे’ हे बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवले तर चोराच्या हाती काय लागते? मोबाइल माझा आहे. बटण माझे आहे. माहितीही माझीच आहे.

आणखी एक विसंगती बघा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 च्या कार्डविषयक निर्देशांनुसार एखाद्याचा क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला तर त्याला नेमके कारण लेखी कळवावे लागते. म्हणजे कार्ड नाकारताना कारण सक्तीचे. कार्ड दिले, त्याची वार्षिक फी घेतली, माणूस ते घेऊन बाजारात उभा राहिला आणि मग त्याला नाकारले, तर?

तर त्याने हेल्पलाइनला फोन करावा.

करू. आधी भाषा निवडा, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे, मग जन्मतारीख, मग वाट पाहण्याचे संगीत. बऱ्याच वेळाने एक मुलगी येते. “सर, आपका कार्ड बिलकुल ऐक्टिव है. हमारी तरफ से कोई प्रॉब्लेम नहीं है. आप मर्चंट से बात कीजिए.” मर्चंट म्हणजे जर्मनीची रेल्वे. तिला पत्र लिहा. ती म्हणते, तुमच्या बँकेने नाकारले, बँकेशी बोला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

त्या मुलीवर राग काढण्यात अर्थ नाही. तिच्या पडद्यावर कार्ड चालू दिसते. ते देशात चालूच आहे. तिला जो प्रश्न विचारायला हवा तो आपल्याला ठाऊक नसतो: परदेशी ऑनलाइन वापर चालू आहे का, आणि त्याची मर्यादा किती? हे शब्द उच्चारले की तीच मुलगी दोन मिनिटांत काम करून देते. पण हा मंत्र कार्डाच्या पाकिटात छापून द्यायला कुणाचे हात बांधले होते?

तोवर इकडे काय होते? माणूस पुन्हा प्रयत्न करतो. कोण करणार नाही? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. लागोपाठच्या अशा प्रयत्नांनी बँकेची यंत्रणा सावध होते, तिला हे चोराचे लक्षण वाटते. मग अख्खे कार्ड गोठते. आता कोपऱ्यावरच्या दुकानात किराणाही त्या कार्डावर मिळत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी.

किंवा बँक हो म्हणते आणि रेल्वेचे पान मधेच बंद पडते. तिकीट नाही, पण रक्कम अडकली. कार्डाच्या मर्यादेतून तेवढे पैसे बाजूला धरलेले दिसतात. तीनदा प्रयत्न केला तर तीनदा धरलेले. देशातला फसलेला व्यवहार असता तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने ठरावीक दिवसांत पैसे परत आले असते आणि उशिराला दिवसाला 100 रुपये भरपाई मिळाली असती. हे परिपत्रक बँकांना शिस्त लावणारे आहे, त्याचा लोकांना फायदा झाला आहे. पण ते लागू आहे देशातल्या व्यवहारांना. पैसे देणारा आणि घेणारा दोघेही भारतात हवेत.

म्युनिकची गाडी भारतात नाही. म्हणून थांबा.

थांबण्याची किंमत असते. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची स्वस्त तिकिटे मोजकी असतात. ती संपली की त्याच गाडीचे, त्याच डब्याचे भाडे चढते. त्यातली सर्वांत स्वस्त तिकिटे बहुधा परतही करता येत नाहीत. बँकेत आठ दिवस गेले तर तिकीट दुपटीवर गेलेले असू शकते. तो फरक बँक देते का?

आता कार्ड नीट बघा. उलटसुलट करून बघा. काही कार्डांवर बारीक अक्षरांत छापलेले असते की हे फक्त भारतात वैध. अशा कार्डाला कुठलेही बटण चालत नाही, ते बदलूनच घ्यावे लागते. आणि जे आंतरराष्ट्रीय असते त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा लिहिलेले असते की नेपाळ आणि भूतानमध्ये परकीय चलनात वापरता येणार नाही. भिंग घेतल्याशिवाय हे वाचता येत नाही. ज्यावर माणसाचा प्रवास अवलंबून, ती ओळ कार्डावरची सर्वांत बारीक ओळ का असावी?

रुपे कार्डाचेही तसेच. 2012 मध्ये ते आले ते बरे झाले, देशातले पैसे देशातल्या जाळ्यातून फिरू लागले. पण परदेशात ते दुसऱ्यांच्या जाळ्यांवरून चालते, आणि परदेशी रेल्वेच्या पानावर त्या जाळ्यांची खूण असेलच असे नाही. म्हणून परदेशी जाणाऱ्याकडे दोन वेगळ्या जाळ्यांची दोन कार्डे हवीत. शाखेत कार्ड देताना हे एक वाक्य सांगितले तर कुणाचे काय बिघडते?

पत्त्याचा घोळ अमेरिकेत. तिथली संकेतस्थळे पैसे भरताना पत्ता आणि पोस्टाचा क्रमांक ताडून बघतात. ही पडताळणी मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांसाठी आहे. अमेरिकेचा क्रमांक पाच आकडी, आपला पिनकोड सहा आकडी. काही पानांच्या चौकटीत सहावा आकडा मावतच नाही. भिलाईच्या माणसाने आपल्या गावाचा कोणता आकडा खोडायचा?

आणि एवढे करून व्यवहार झालाच, तर खर्चाकडे बघा. परकीय चलनातल्या खर्चावर बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लागतो. त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. 10,000 रुपयांच्या तिकिटावर 350 आणि वर 63, म्हणजे 413 रुपये. हा आकार कमी असलेली कार्डेही आहेत, पण शाखेत ती आपणहून कोण दाखवतो?

कुठे परदेशी संकेतस्थळ विचारते, रुपयांत भरता का? भुलू नका. तो दर त्यांचा असतो आणि बहुधा महागच असतो. वर काही भारतीय बँका परदेशी दुकानाला रुपयांत दिलेल्या पैशांवरही वेगळा आकार लावतात. युरो निवडा.

वीस टक्के कराची भीतीही अजून घराघरांत आहे. मे 2023 मध्ये सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च परकीय चलनाच्या वार्षिक मर्यादेत आणायचे ठरवले, म्हणजे त्यावर तो कर लागला असता. ओरड झाली. 28 जूनला तो निर्णय पुढील आदेशापर्यंत थांबवला. घोषणेचा गाजावाजा झाला, थांबवल्याची बातमी तेवढी गाजली नाही. भिलाईत आजही लोक सांगतात, कार्ड वापरू नका, वीस टक्के कापतात. चुकीची माहिती सुधारणे हे कुणाच्या कामाच्या यादीत आहे?

यूपीआयचे काय? फेब्रुवारी 2024 पासून पॅरिसच्या आयफेल टॉवरचे तिकीट यूपीआयने काढता येते. आनंद आहे. खरोखर आनंद आहे, कारण एवढी साधी आणि स्वस्त सोय जगात थोड्याच देशांनी स्वतः उभी केली. पण टॉवरवर चढायच्या आधी पॅरिसला पोचावे लागते. गाडीच्या तिकिटाच्या पानावर यूपीआयचे चौकोनी चित्र कधी दिसणार?

हे सगळे फक्त एकाच दिशेने घडते असे समजू नका. श्टुटगार्टमधला मुलगा आईबाबांसाठी दुर्ग ते नागपूर तिकीट काढायला बसतो तेव्हा काय होते? आयआरसीटीसीची ऑनलाइन विक्री ऑगस्ट 2002 पासून आहे, आणि कामाचा आवाका बघता ती मोठीच कामगिरी आहे. पण तिची वीण मुख्यतः भारतीय मोबाइल, भारतीय बँक, भारतीय ओटीपी अशी. जुलै 2025 पासून तत्काळला आधारची पडताळणी आली. दलालांना चाप बसावा म्हणून आली, ती हवीच होती. परदेशी राहणाऱ्या आपल्याच मुलाच्या हातातला जर्मन मोबाइल त्या चाळणीत कुठे बसतो?

जानेवारी 2023 मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरू देण्याचे ठरले. पहिल्या यादीत दहा देश: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, आणि आखाती चार. जर्मनी त्यात नव्हता. हॉलंडही नव्हता.

म्हणजे बापाचे कार्ड तिकडे अडते आणि मुलाचे कार्ड इकडे. मुलगा बापाचे तिकीट काढतो, बाप मुलाचे. सोय म्हणून हे चालते. पण ज्याला मुलगा तिकडे नाही, पुतण्या नाही, भाची नाही, त्याने काय करायचे?

तो एजंटाकडे जातो. एजंट पास सुचवतो. युरेलचा पास 1959 पासून आहे, युरोपाबाहेरच्या लोकांसाठीच निघाला होता, आणि भरपूर फिरणाऱ्याला तो परवडतो. दोनच प्रवास करायचे असतील तर तो महागात पडू शकतो. शिवाय कित्येक वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात. ते कशाने भरायचे?

कार्डाने.

म्हणून निघायच्या महिनाभर आधी ही खटपट उरकून घ्या. परदेशी कप्पा, त्यातले ऑनलाइन बटण, खालची मर्यादा, तिन्ही बघा. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो क्रमांक तिकडे रोमिंगवर चालू राहील याची सोय करा, नाहीतर उरलेली तिकिटे तिथून काढता येणार नाहीत. पहिला नकार आला की थांबा, पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. पडद्याचा फोटो घ्या, वेळ लिहून ठेवा. बँकेला लेखी विचारा, फोनवर नाही: अमुक दिवशी अमुक वाजता आलेल्या नकाराचा संकेत कोणता होता? उत्तर आलेच पाहिजे असा आग्रह धरा. काम झाले की बटण पुन्हा बंद करा. आणि न केलेला खर्च दिसला तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा. चूक तुमची नसेल आणि गळती तिसऱ्याच ठिकाणी झाली असेल, तर जुलै 2017 च्या नियमाप्रमाणे भुर्दंड तुमच्यावर येत नाही.

पण हे सगळे ग्राहकानेच का करायचे? कार्ड विकताना घरी माणूस पाठवणारी बँक, कार्ड अडल्यावर एक संदेश पाठवू शकत नाही? हप्ता चुकला तर त्याच दिवशी संदेश येतो. किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, उशीर झाला तर दंड किती, सगळे अगदी तपशिलात. तीच यंत्रणा, तोच मोबाइल, तोच ग्राहक.

रिझर्व्ह बँकेने हे एका ओळीच्या निर्देशाने करावे. प्रत्येक नकारामागचे कारण कार्डधारकाला तत्काळ कळवा. फसवणुकीचा संशय असेल तर ‘संशयामुळे थांबवले, या क्रमांकावर बोला’ एवढे तरी कळवा. अर्ज फेटाळताना कारण देण्याची सक्ती होऊ शकते, तर ही का होऊ शकत नाही?

तोवर दाद मागायची जागा आहे ती अशी. आधी बँकेकडे लेखी तक्रार. उत्तर पटले नाही तर लगेच, आणि उत्तरच आले नाही तर तीस दिवसांनी, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नोव्हेंबर 2021 पासून साऱ्या देशासाठी एकच योजना आहे, फी नाही, वकील लागत नाही, घरबसल्या तक्रार करता येते. जरूर करा. भिलाईतून शंभर तक्रारी गेल्या तर कुणीतरी त्यांचा गठ्ठा बांधून वर नेईल.

फक्त तीस दिवस मोजताना कॅलेंडरही बघा. जूनची गाडी असेल तर तक्रार एप्रिलमध्येच गेली पाहिजे.